टेस्ट बॉक्स खरं बोलतोय का, हे आधी कसं ठरवायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: चिपळूणला तुम्ही नवं क्लिनिक सुरू केलं आहे. एका बंद झालेल्या दवाखान्याकडून श्रवणयंत्र तपासण्याचा जुना टेस्ट बॉक्स विकत घेतला, माहितीपुस्तिका अर्धीच मिळाली. एका काकांचं कानामागचं बीटीई मशीन दुरुस्तीहून परत आलं. ते बॉक्समध्ये लावलं तर कमाल आवाज कंपनीच्या पत्रकापेक्षा ९ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) कमी भरला. दुसऱ्या दिवशी तेच मशीन पुन्हा लावलं तर ६ डीबी कमी. काका म्हणतात, "पहिल्यासारखं ऐकू येत नाही." बॉक्स नीट लावायचा कसा आणि काकांना सांगायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पत्रकापेक्षा आकडा कमी का, हा एक. काल ९ आणि आज ६ का, हा दुसरा. तुम्ही पहिल्याच्या मागे लागला आहात. मी आधी दुसरा सोडवेन. किराणा दुकानातला काटा एकाच पिशवीचं वजन सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं दाखवत असेल, तर पिशवीत साखर कमी आहे की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आधी काटा स्थिर व्हायला हवा. तुमच्याकडे चांगली गोष्ट ही की तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलंत. बरेच जण एकदाच मोजतात, आलेख छापतात आणि फाइलला लावतात.

मी मिरजेत २२ वर्षं ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. तीन वेगवेगळे बॉक्स वापरून झाले. तुमचा बॉक्स कोणता, त्याला एक मायक्रोफोन आहे की दोन, काकांचं मशीन डिजिटल आहे की जुनं ॲनालॉग, यावर काही गोष्टी बदलतील. तसं जिथे असेल तिथे सांगेन.

आधी कागद तपासू, कारण त्याला पाच मिनिटं लागतात आणि तुमच्या ९ डीबीतले बरेचसे डीबी तिथेच सापडायची शक्यता आहे. कंपनीच्या पत्रकावर कमाल आवाजाचे बहुतेक वेळा दोन रकाने असतात. एक २ सीसी कपलरचा, दुसरा इअर सिम्युलेटरचा. तुमच्या बॉक्ससोबत आलेली धातूची छोटी डबी म्हणजे २ सीसी कपलर; तिच्या आत २ घन सेंटिमीटर हवा मावते. ही कल्पना जुनी आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रोमानोव्ह यांनी ती मांडली आणि आजही जगभर मशीन याच डबीवर तपासली जातात. पण मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, घातल्यावर मोठ्या माणसाच्या कानात उरणारी जागा २ सीसीपेक्षा बरीच कमी असते, आणि पडदाही ध्वनीला धातूसारखा वागवत नाही. इअर सिम्युलेटर खऱ्या कानाच्या जवळ जातो, म्हणून त्याचे आकडे जास्त येतात: खालच्या सुरांत ३-४ डीबी, वरच्या सुरांत १० किंवा त्याहूनही अधिक. तुमच्या हातात २ सीसीचं माप आहे आणि डोळा पडला शेजारच्या रकान्यावर, तर मशीन ठणठणीत असूनही आजारी दिसेल. नव्या मुलांच्या हातून मी ही चूक सर्वांत जास्त वेळा होताना पाहिली आहे.

त्याच पत्रकावर आणखी एक जोडी असते: 'पीक' आणि 'एचएफए'. पीक म्हणजे आलेखाचं सर्वांत उंच टोक. एचएफए म्हणजे १०००, १६०० आणि २५०० हर्ट्झ या तीन ठिकाणच्या आकड्यांची सरासरी. बॉक्सच्या पडद्यावर दोन्ही दिसतात, आणि एकाची तुलना दुसऱ्याशी केली तर ५-६ डीबी सहज इकडचे तिकडे होतात. आरआयसी मशीन असेल (ज्याचा रिसीव्हर, म्हणजे आवाज बाहेर देणारा छोटा स्पीकर, कानात बसतो) तर रिसीव्हर कोणत्या ताकदीचा आहे तेही बघा. एकाच मॉडेलच्या पत्रकात तीन-चार रिसीव्हरांचे तीन-चार संच दिलेले असतात.

आता काल ९, आज ६. इथे थोडा विचार करू, कारण कोणता आकडा बदलला हेच सांगतं की दोष कुठे शोधायचा. कमाल आवाज मोजताना बॉक्स मशीनला ९० डीबीचा आवाज देतो. तेवढ्या आवाजाला, व्हॉल्यूम पूर्ण असताना, मशीन आपल्या छतापर्यंत गेलेलं असतं. बॉक्सच्या स्पीकरने ९० ऐवजी ८७ दिले तरी छत तिथेच राहतं. म्हणून कमाल आवाज ३ डीबीने हलला, तर माझा पहिला संशय लेव्हलिंगवर, म्हणजे बॉक्सने स्वतःच्या स्पीकरचा आवाज जुळवून घेण्यावर, जात नाही. तो जातो मशीनच्या तोंडापासून मोजणाऱ्या मायक्रोफोनपर्यंतच्या वाटेवर: हुक (मशीनच्या टोकाचा वाकडा तुकडा, ज्यातून आवाज बाहेर येतो), नळी, कपलर, पुट्टी (फट बुजवायचा चिकट लगदा). याउलट ६० डीबीला मोजलेला गेन, म्हणजे मशीन आवाज किती वाढवतं तो आकडा, हलतो आणि कमाल आवाज जागेवर राहतो, तेव्हा स्पीकर, लेव्हलिंग किंवा मशीन ठेवण्याची जागा तपासायची.

म्हणून कपलरपासून सुरुवात करा. बॉक्ससोबत बहुधा दोन कपलर असतील. एचए-२ ला एक नळी जोडलेली असते, कानामागच्या मशीनचा हुक तिच्यात घालायचा. एचए-१ ला नुसतं भोक असतं. कानातली मशीन, आरआयसीचे रिसीव्हर आणि मोल्डसकट तपासायची मशीन त्यावर पुट्टीने बसवायची. एचए-२ ची नळी २५ मिलिमीटर लांब आणि आतून साधारण २ मिलिमीटर रुंद हवी. जुन्या बॉक्ससोबतची नळी मी न बघताच सांगते, बदला. पिवळी पडून ती कडक होते, हुकाला घट्ट पकडत नाही, आणि दर वेळी वेगळी गळते. मोल्डसाठी आपण जी तेरा नंबरची नळी वापरतो तीच चालते. पट्टीने मोजून २५ मिलिमीटर कापा, अंदाजाने नको; नळी लांब झाली की आलेखातलं शिखर खालच्या सुरांकडे सरकतं.

मोजणारा मायक्रोफोन कपलरमध्ये शेवटपर्यंत बसला आहे का, तेही बोटाने जाणवतं. रबरी रिंग कोरडी पडली असेल तर तो आत जाताना अडकतो, वरवर बसल्यासारखा वाटतो आणि आतली जागा २ सीसीहून मोठी होते. मायक्रोफोनच्या जाळीला मात्र बोट लावू नका.

पुट्टीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं कौशल्य तिथे आहे. तिची वात करून मोल्डच्या किंवा रिसीव्हरच्या टोकाभोवती गुंडाळायची, मशीनचं तोंड कपलरच्या भोकाच्या अगदी समोर आणि कडेला टेकलेलं ठेवायचं, मग बाहेरून दाबत एक फेरी मारायची. तोंडावर पुट्टीचा पापुद्रा आला तर वरचे सूर मरतात. तिळाएवढी फट राहिली तर खालचे सूर निसटतात. मोल्डला व्हेंट (हवेसाठीचं बारीक भोक) असेल तर तो बाहेरच्या टोकाने बंद करायचा, आतल्या टोकाने नाही. आतून बुजवला की आत भरलेली पुट्टी खरवडून काढत बसावं लागतं. गळतीची खूण आलेखात लगेच ओळखता येते: ५०० हर्ट्झच्या खाली रेषा एकदम कोसळते आणि कधीकधी मध्ये एक अणकुचीदार खड्डा दिसतो. असा आलेख दिसला की मशीनबद्दल काहीही ठरवू नका, पुन्हा लावा. चिपळूणच्या दमट हवेत पुट्टी महिन्या-दोन महिन्यांत तेलकट होते आणि चिकटायची थांबते. ती बदलण्यात कंजुषी नको.

ओपन फिटिंगचा (कान पूर्ण न बुजवणाऱ्या मशीनचा) भोकाभोकांचा डोम, म्हणजे टोकाची मऊ टोपी, कपलरवर कधीच नीट बसणार नाही. डोम काढा, रिसीव्हर उघडा करून पुट्टीत बसवा.

आता बॉक्स ठेवायची जागा आणि लेव्हलिंग. बॉक्सचं झाकण आणि आतला फोम वरचे सूर अडवतात, खालची घरघर अडवत नाहीत. फ्रिज, इन्व्हर्टर, मोल्ड घासायची मोटर यांच्या टेबलावर तो नको. चिपळूणला रस्त्यालगत गाळा असेल तर आतल्या भिंतीकडे, जाड टेबलावर, खाली रबराची चटई घालून ठेवा. मोबाइल खिशातसुद्धा जवळ नको. मशीनमध्ये तो खरखर भरतो आणि तुम्ही ती मशीनच्या नावावर लिहाल.

लेव्हलिंग म्हणजे बॉक्सने स्वतःच्या स्पीकरची ओळख करून घेणं. मोजणारा मायक्रोफोन नेमक्या खुणेवर ठेवायचा, झाकण लावायचं, लेव्हलचं बटण दाबायचं. बॉक्स सगळे सूर वाजवतो, कुठे स्पीकर कमी पडतो ते लक्षात ठेवतो आणि पुढे तेवढी भर घालतो. दोन मायक्रोफोनवाल्या बॉक्समध्ये दुसरा मायक्रोफोन हे काम मोजमाप चालू असतानाच करतो. मग त्याचं तोंड मशीनच्या मायक्रोफोनला जवळजवळ चिकटून हवं. एक मायक्रोफोनवाल्यात लेव्हलिंगनंतर जी जागा मायक्रोफोनची होती, तीच जागा आता श्रवणयंत्राच्या मायक्रोफोनची. कपलर बाजूला कुठेही पडला तरी चालतं. पुष्कळ जण उलट करतात: कपलर खुणेवर मध्यभागी ठेवतात आणि मशीन कोपऱ्यात लोळतं. ८००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ४ सेंटिमीटरच्या आसपास असते, तेव्हा एखादा सेंटिमीटर सरकलं तरी वरच्या टोकाला काही डीबींचा फरक पडतो. १००० हर्ट्झला तोच सेंटिमीटर जाणवतही नाही.

लेव्हलिंग झाल्यावर मायक्रोफोन तिथेच ठेवून ७० डीबीचा आवाज द्या. पडद्यावर ७० ची जवळपास सपाट रेषा यायला हवी. ती १-२ डीबीपेक्षा जास्त हलत असेल तर झाकणाचा रबर आणि आतला फोम बघा. जुन्या बॉक्सचा फोम भुगा होतो आणि स्पीकरच्या जाळीवर बसतो. आणि हे सगळं करूनही मायक्रोफोन मुळातच चुकीचं मोजत असेल, तर ते बॉक्सला स्वतःला कळत नाही. त्यासाठी कॅलिब्रेटर लागतो, जो १००० हर्ट्झला ९४ किंवा ११४ डीबी देतो. विकत घ्यायला महाग आहे. वर्षातून एकदा कॅलिब्रेशनवाल्याला बोलवा आणि वापरलेला बॉक्स घेतला असेल तर पहिली मोजणी करण्याआधीच बोलवा. तुम्ही अजून बोलावलं नसेल, तर हा खर्च टाळू नका.

मग माझी परीक्षा. एक मशीन घ्या, लावा, मोजा, कागदावर ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे लिहा. पूर्ण काढा. पुट्टी काढा, नळीतून हुक काढा. पुन्हा लावा, पुन्हा मोजा. असं पाच वेळा. पाच ओळींमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक म्हणजे तुमच्या हाताचा फरक. माझा एचए-२ वर १ डीबीच्या आत राहतो, एचए-१ वर ४००० ला २ पर्यंत जातो. सुरुवातीला तो ५ होता. तुमचा ३ आला, तर काकांच्या बाबतीत काल ९ आणि आज ६ याचं उत्तर मिळालं, आणि त्यात मशीनचा काही दोष नाही.

याच्याच पुढची पायरी म्हणजे एक मशीन कायमचं बॉक्सजवळ ठेवणं. साधं, मजबूत बीटीई, रुग्णाला कधीही न द्यायचं. माझं २०११ पासून एका डब्यात सिलिका जेलमध्ये आहे. दर सोमवारी सकाळी पहिला आलेख त्याचा. वहीत तारीख आणि आकडे. मागच्या आठवड्यापेक्षा २ डीबीहून जास्त हललं, की त्या दिवशी रुग्णाचं मशीन लावायचं नाही, आधी कारण शोधायचं. कंपनीचं पत्रक सांगतं की त्या मॉडेलची मशीन साधारण कशी असतात. ही वही सांगते की आज माझा बॉक्स कसा आहे. मला विचाराल तर मी पत्रकाशिवाय काम करेन, या वहीशिवाय नाही करणार. आणि प्रत्येक नवं मशीन रुग्णाला देण्याआधी त्याचा आलेख काढून फाइलला लावा. दोन वर्षांनी ते दुरुस्तीहून आलं की तुलना पत्रकाशी करायची नाही, त्याच मशीनच्या पहिल्या दिवसाशी करायची. काकांच्या मशीनचा असा आलेख आज तुमच्याकडे नाही, म्हणून तर अडलं आहे.

इथवरचा क्रम असा बसतो: कागदाचा रकाना, नळी आणि पुट्टी, लेव्हलिंग, सपाट रेषा, हाताचा फरक, वहीतलं मशीन. हे जमलं की मगच काकांचं मशीन.

डिजिटल मशीन असेल तर ते बॉक्ससमोर साध्या मशीनसारखं वागायला हवं, हा वेगळाच व्याप आहे. आजचं मशीन आवाज कसला आहे ते ओळखून वागतं. सलग एकसुरी आवाज आला की गोंगाट कमी करणारा भाग म्हणतो, हा पंखा आहे, खाली आणा. शिट्टी थांबवणारा भाग म्हणतो, ही शिट्टी आहे, कापा. बॉक्स तर एकामागून एक शुद्ध सूरच वाजवतो. त्यामुळे आलेख खाली येतो, आणि हे भाग काही सेकंद घेऊन कामाला लागत असल्याने दर वेळी वेगळा येतो. तुमच्या ९ आणि ६ मागे हेही असू शकतं. पत्रकाशी तुलना करायची असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून मशीन टेस्ट सेटिंगला न्या: गेन पूर्ण, कमाल आवाज पूर्ण, कॉम्प्रेशन (मोठा आवाज आपोआप दाबणं) किमान, गोंगाट-शिट्टी-दिशा सगळं बंद, मायक्रोफोन सर्व दिशांना उघडा. शिवाय काकांच्या रोजच्या सेटिंगमध्ये कमाल आवाज त्यांच्या कानाला सोसेल इतकाच बांधलेला असतो. तो तसा बांधणं हे तर आपलंच काम. त्या सेटिंगवर मोजून पत्रकाएवढा आकडा मागणं चूक आहे.

टेस्ट सेटिंगला नेण्याआधी रुग्णाचं सेटिंग जतन करा. हे मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी गर्दीत पाच वर्षांच्या एका मुलीचं मशीन मी टेस्ट सेटिंगवर तपासलं आणि तसंच तिच्या आईच्या हातात दिलं. संध्याकाळी आईचा फोन आला की मशीन कानात घातलं की ती रडते आणि ओढून काढते. मी लगेच मशीन बंद ठेवायला सांगितलं आणि रविवारी सकाळी त्यांच्या गावी जाऊन सेटिंग परत भरलं. सुदैवाने ते मशीन फार ताकदीचं नव्हतं. ताकदीचं असतं तर आहे तेवढं ऐकणंही धोक्यात आलं असतं. तेव्हापासून माझ्याकडे एक लाल वाडगा आहे. टेस्ट सेटिंगवर गेलेलं मशीन त्या वाडग्यात राहतं, आणि सेटिंग परत भरून मी स्वतः स्टेथोसेट (मशीन ऐकून बघायची नळी) लावून ऐकल्याशिवाय तिथून बाहेर निघत नाही.

रोजच्या वापरात मशीन कसं वागतं हे बघायचं असेल तर शुद्ध सूर नकोतच. तुमच्या बॉक्समध्ये बोलण्यासारखा सिग्नल आहे का पाहा. आयएसटीएस नावाचा एक आहे. अरबी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, मँडरिन आणि स्पॅनिश बोलणाऱ्या स्त्रियांच्या आवाजाचे बारीक तुकडे जोडून तो केला आहे. ऐकताना कुणीतरी बोलतंय असं वाटतं पण एकही शब्द लागत नाही. मशीन त्याला बोलणं समजतं आणि गोंगाट कापणारा भाग गप्प बसतो. जुन्या बॉक्समध्ये तो नसेल. मग सगळे सूर एकदम देणारा कंपोझिट सिग्नल वापरा.

आता काकांचं मशीन. टेस्ट सेटिंगवर आणा, व्हॉल्यूम पूर्ण. ९० डीबी देऊन कमाल आवाज मोजा. मग ५० डीबी देऊन पूर्ण गेन. मग गेन कमी करून 'रेफरन्स' जागेवर आणा: ६० डीबीच्या आवाजाला एचएफए कमाल आवाजापेक्षा १७ डीबी खाली आला पाहिजे. म्हणजे कमाल १२० असेल तर बाहेर १०३, गेन ४३. बरेच बॉक्स हे हिशेब स्वतः करतात. त्या जागेवर आलेख, विकृती (आवाज किती बिघडतो) आणि अंतर्गत आवाज (मशीनची स्वतःची खरखर) मोजायचा. पत्रकाशी तुलना करताना एचएफए कमाल आवाज अधिक-उणे ४ डीबी, पूर्ण गेन अधिक-उणे ५ डीबी इतका फरक मानकातच मान्य आहे. पीक मात्र पत्रकापेक्षा ३ डीबीहून वर जाता कामा नये. म्हणजे योग्य रकान्याशी तुलना करून काकांचं ३ डीबी कमी भरलं, तर ते मानकात बसतं.

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट पत्रकात कुठेच लिहिलेली नसते: कमाल आवाज आणि गेन एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे. समजा मशीनच्या मायक्रोफोनचं भोक घामाने, टाल्कम पावडरने, शेतातल्या धुळीने बुजलं. आत जाणारा आवाज १० डीबी कमी झाला. गेन १० ने पडेल. पण ९० डीबीच्या आवाजातले १० गेले तरी ८० उरतात, आणि ताकदीच्या मशीनला छतापर्यंत जायला तेवढे पुरतात. म्हणून कमाल आवाज हलत नाही. गेन पडला, कमाल आवाज जागेवर: दोष मायक्रोफोनच्या बाजूला. आता समजा रिसीव्हरच्या तोंडाशी मळ आहे, किंवा हुकातली जाळी ओलसर आहे. मग बाहेर येणारं सगळंच अडतं. गेन आणि कमाल आवाज बरोबरीने पडतात: दोष रिसीव्हरच्या, हुकाच्या, नळीच्या बाजूला. एवढ्या एका जोडीवर मी दुरुस्तीला पाठवायची अर्धी मशीन थांबवली आहेत. मळाची जाळी बदलली किंवा हुक बदलला की काम होतं, आणि पेशंटचे पंधरा दिवस वाचतात.

तुम्ही म्हणता काकांचा कमाल आवाज कमी आहे. गेन किती कमी होता ते लिहिलेलं नाही, पण तो मोजा. तोही तितकाच कमी असेल तर सगळ्यात आधी नवा हुक लावून बघा. दुरुस्तीहून आलेल्या मशीनला कधीकधी जुना हुक परत लावून पाठवतात. हुकात छोटी जाळी असते, डँपर म्हणतात. ती कोंदली की आलेख बसतो आणि १००० हर्ट्झजवळचं शिखर नाहीसं होतं. ती निघून गेली असेल तर उलट १००० जवळ सुळका उभा राहतो आणि काका म्हणतील, "आवाज येतो पण टोचतो."

विकृती ५००, ८०० आणि १६०० हर्ट्झला मोजतात. पत्रकापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त वाढली तर काळजी. मी आधी सेल बदलून बघते, मग सेलचे पत्रे हिरवे पडलेत का ते. अंतर्गत आवाज जास्त आला तर मशीन बंद करून तीच मोजणी करा. बंद मशीनलाही तेवढाच आकडा आला, तर तुम्ही खोलीतला पंखा मोजताय.

सेलची गोष्ट काका न विचारता सांगतीलच: आठ दिवसांत संपतो. बॉक्ससोबत सेलच्या आकाराच्या वायरवाल्या चकत्या असतात, बॅटरी पिल. त्यातली मशीनच्या आकाराची लावली की बॉक्स १.३ व्होल्ट देऊन किती विद्युतप्रवाह ओढला जातो ते दाखवतो. पत्रकापेक्षा २० टक्क्यांहून जास्त ओढत असेल तर मशीनमध्ये ओल किंवा बिघाड आहे. नसेल तर हिशेब मांडा: नारिंगी १३ नंबरच्या सेलमध्ये साधारण ३०० मिलीॲम्पिअर-तास असतात. मशीन १.२ मिलीॲम्पिअर ओढत असेल तर २५० तास, दिवसाला १४ तास लावलं तर १८ दिवसांच्या आसपास. आठ दिवसांत संपतो म्हणजे रात्री मशीन चालूच राहतं, किंवा सेलवरचा स्टिकर आठवडाभर आधी काढून ठेवलेला असतो. या सेलला हवा लागली की तो संपायला लागतो, वापरा अगर न वापरा. चकत्या हरवल्या असतील तर नव्या मागवा, वायरी बाहेर काढून जुगाड करू नका. रिचार्जेबल मशीनला हा प्रश्न नाही. पूर्ण चार्ज करून लावा.

टी-कॉइल (फोनचं चुंबकीय क्षेत्र पकडणारं मशीनमधलं वेटोळं) तुमच्या भागात फोनवर ऐकण्यासाठी कुणी वापरत असेल तरच मोजा. त्यासाठी बॉक्सला वेगळी पाटी लागते.

लहान मुलांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण नव्या क्लिनिकमध्ये तीही येणारच. २ सीसी डबीत १०० दिसणारा आवाज तान्ह्या बाळाच्या कानात त्याहून बराच जास्त असतो. बंद जागा निम्मी झाली की दाब ६ डीबीने वाढतो, आणि बाळाचा कान डबीच्या निम्म्याहूनही लहान. बॉक्सचा आकडा आणि बाळाचा कान यांमधला फरक, ज्याला आरईसीडी म्हणतात, वयानुसार सरासरी तक्त्यातून किंवा शक्य असेल तर प्रत्यक्ष मोजून घेतल्याशिवाय मुलाचं मशीन बॉक्सवर बसवू नका.

काकांना काय सांगायचं? आज तरी एवढंच की, "काका, मला तीन-चार दिवस द्या, तोवर हे दुसरं मशीन वापरा." तोवर वर सांगितलेलं सगळं करा. नंतर मशीन मानकात बसलं आणि तरी ते म्हणाले की कमी येतंय, तर त्यांचं ऐका. ओटोस्कोपने कान बघा. मी तरी हे मशीनला हात लावण्याआधीच करते, कारण मळ आणि पावसाळ्यातली बुरशी पुष्कळदा तिथेच सापडते. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) पुन्हा काढा. मशीन दुरुस्तीला गेलं होतं तेवढ्या महिन्यात ऐकणं खाली आलेलं असू शकतं, किंवा दुरुस्तीवाल्याने मशीन कोऱ्या सेटिंगवर परत पाठवलेलं असू शकतं. ते सॉफ्टवेअर उघडल्यावर दोन मिनिटांत कळतं. मोल्ड सैल झाला असेल तर तोही घालून बघा.

आणि काकांचं मशीन परत देण्याआधी, टेस्ट सेटिंगवर आणि त्यांच्या सेटिंगवर असे दोन आलेख काढून त्यावर तारीख, कपलरचा प्रकार आणि हुक नवा की जुना हे लिहून फाइलला लावा. पाच वेळा लावून-काढून आलेले तुमचे आकडे इथे टाका, आपण मिळून बघू.